गिटारचे मॉडेल, तंबोऱ्याची जवारी आणि मिरजेचे शिकलगार

फाइव्ह स्टारमध्ये, म्हणजे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, सीएनसी मशीनवर काम करणारा एक पोरगा पगारातून पैसे साठवून इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणतो. स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की लेस पॉल, या विचारात तो गेले सहा महिने आहे. मला विचारतो, "चाचा, मॉडेल बदललं की टोन खरंच बदलतो, की सगळा कंपन्यांचा खेळ?" मला गिटार वाजवता येत नाही. पण हा प्रश्न गिटारहून जुना आहे, आणि तो ज्या गावात पावणेदोनशे वर्षे रोज हाताने सोडवला जातो ते गाव फाइव्ह स्टारपासून फार लांब नाही. हुपरीवरून निघाले की तास-दीड तासात मिरज येते.

आधी गिटारचे बघू. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट असायची गरज नसते. पोलादी तार थरथरते, तिच्याखाली चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, तिला पिकअप म्हणतात. थरथरीमुळे त्या वेटोळ्यात वीज उमटते, ती अँप्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने रेडिओचे दुकान काढले, १९५०-५१ मध्ये टेलिकास्टर आणली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल या वादकाच्या नावाने आपली भरीव गिटार काढली. पुढे १९५७ च्या सुमाराला तिच्यावर सेथ लव्हर या इंजिनिअरने बनवलेला दुहेरी वेटोळ्याचा पिकअप आला. त्याने घुरघुर कमी झाली आणि आवाज भरदार झाला. फेंडरचा एकेरी वेटोळ्याचा पिकअप तीक्ष्ण, टणत्कार करणारा. फेंडरची तार साडेपंचवीस इंच मोकळी, गिब्सनची पाऊण इंचाने कमी, म्हणून त्याच सुरात ती थोडी सैल लागते.

एवढे फरक खरे आहेत आणि कानाला कळतात. पण गंमत अशी की ज्याला आपण 'मॉडेल' म्हणतो, म्हणजे आकार, रंग, लाकूड, मानेवरचे नाव, त्यातले फारच थोडे या फरकात येते. पिकअप कोणता, तो तारेच्या कोणत्या जागेखाली बसवला, तार कशावर टेकली, आणि पुढे अँप्लिफायर-स्पीकर कोणता, यावर बहुतेक सगळे ठरते. अमेरिकेतल्या जिम लिल नावाच्या गिटारवादकाने काही वर्षांपूर्वी गिटारचे एकेक अंग बदलत नेले आणि शेवटी लाकडाचे धडच काढून टाकले. तारा नुसत्या दोन आधारांमध्ये हवेत ताणल्या, खाली पिकअप लावला. आवाज इलेक्ट्रिक गिटारचाच आला, आणि चांगला आला. लाकडाच्या जातीवरून तासन्‌तास भांडणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली.

वादकांचा इतिहासही तेच सांगतो. लेड झेपेलिनचा जिमी पेज म्हटले की डोळ्यांपुढे लेस पॉल येते. पण १९६९ चा त्यांचा पहिला अल्बम त्याने मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवला आहे. जिमी हेंड्रिक्स स्ट्रॅटोकास्टरचा म्हणून प्रसिद्ध, तो गिब्सनची बाणाच्या आकाराची फ्लाइंग व्ही घेऊन बसला तरी दोन सुरांत ओळखू यायचा.

व्हायोलिनवाल्यांची तर अधिक कडक परीक्षा झाली. क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रेंच संशोधिकेने २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामांकित एकलवादक बोलावले, त्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवले आणि बारा व्हायोलिनी हातात दिल्या. सहा जुन्या इटालियन, त्यात स्ट्रॅडिव्हरीच्या, आणि सहा नव्या. आपल्या वाद्याच्या जागी कोणते घ्याल, असे विचारल्यावर दहातल्या सहांनी नवे उचलले. जुने कोणते, नवे कोणते, हे त्यांना अंदाजानेही नीट सांगता आले नाही. म्हणजे कोट्यवधींच्या नावाने कान फितवला होता.

यावरून "वाद्यात काही नसते, सगळे वाजवणाऱ्याच्या हातात असते" असा निकाल बरेच जण देतात. मला तो पटत नाही. अशा निकालाने वाद्य घडवणारा कारागीर इतिहासातून एका फुंकरीत उडून जातो.

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगतात: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जात. एकाच सुराची बासरी आणि सनई वेगळी ओळखू येते ती नादाच्या जातीमुळे. टोनला मराठीत इतका नेमका शब्द असताना आपण 'टोन' म्हणतो, ते असो. तर नादाची जात नेमकी कुठे घडते? मिरजेतल्या कारागिराला विचारले तर तो तंबोऱ्याच्या घोडीवर, जेमतेम अंगठ्याएवढ्या रुंदीच्या जागेवर, बोट ठेवेल.

पण हे कारागीर आले कुठून ते सांगायला हवे. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार. हा शब्द सैकलगर या शब्दाचा मराठी अवतार. सैकल म्हणजे लकाकी, जिल्हई. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावून लखलखीत करणारा तो सैकलगर. सूफींच्या बोलण्यात दिलाच्या आरशाचा गंज उतरवून त्याला सैकल करण्याची गोष्ट वारंवार येते, ती याच कारागिराच्या हातावरून सुचलेली. दख्खनच्या प्रत्येक ठाण्यात शिकलगार होते. आदिलशाही असो, मराठेशाही असो, हत्यार कुणाचेही असले तरी धार लावणारा हात बहुधा यांचाच.

मग हत्यारांचे दिवस सरले. १८१८ नंतर लढाया थांबल्या, १८५७ नंतर हत्यारे काढून घेण्याचा सपाटा लागला आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. देशभर शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरू लागले. मिरजेत मात्र वेगळे घडले. तिथे पटवर्धनांचे संस्थान होते, दरबारात गवयांची ये-जा होती. गवयांबरोबर येणारे तंबोरे प्रवासात तडकत, खुंट्या सैल होत, घोड्या झिजत. घराण्यात सांगितले जाते ते असे की १८५० च्या सुमाराला फरीदसाहेब शिकलगार यांनी अशी मोडकी वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि दुरुस्ती करता करता नवी घडवायला सुरुवात केली. शिकलगारांचे सतारमेकर झाले. आज मिरजेत त्यांच्या नावाची गल्ली आहे.

रेडिओ दुरुस्त करणारा गिटार बनवू लागतो आणि धार लावणारा तंबोरा, यात मला फार नवल वाटत नाही. दोघांनाही दुसऱ्याचे मोडलेले उघडून बघायची सवय होती. फरक पुढे पडला. फेंडरने आपली कंपनी १९६५ मध्ये सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली, आणि त्याआधीच्या गिटारींना आज केवळ 'आधीच्या' म्हणून सोन्याचा भाव आहे. फरीदसाहेबांचे नाव मात्र मिरजेबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

वाद्य कसे होते ते थोडक्यात सांगतो. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा, भीमेच्या खोऱ्यातला. तो कडू असतो, भाजीचा नव्हे. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकार द्यायचा. तबली आणि दांडी तुणाच्या लाकडाची. मग खुंट्या, मणके, नक्षी, पॉलिश. मर्दानी तंबोरा मोठा, खालच्या पट्टीचा. बायकांच्या आवाजासाठी लहान भोपळ्याचा, काळी चार-पाचसाठी. म्हणजे इथेही 'मॉडेल' आहेतच, आणि आकाराने आवाज बदलतो हे कुणी नाकारत नाही. पण एकाच झाडाची दांडी, एकाच वेलाचे भोपळे, एकाच हाताने केलेले दोन तंबोरे शेजारी ठेवले तरी त्यांचे बोलणे वेगळे असते. ते जुळवायचे काम जवारीचे.

गिटारच्या घोडीवर तार एका टोकदार ठिकाणी टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ किंचित बाकदार. तार थरथरताना त्या पाठीला थोडी लागते, सुटते, पुन्हा लागते. त्या घासण्यातून तो मधमाश्यांच्या थव्यासारखा झंकार उठतो. पाठीचा हा बाक कानसाने, पात्याने, शेवटी काचकागदाने एवढा बारीक घासायचा की एखादा फटका जास्त झाला तर सगळी घोडी बाद. घासायचे, तार चढवायची, छेडायची, ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा घासायचे. मग घोडी आणि तारेच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज खुलतो किंवा मिटतो. खुली जवारी, बंद जवारी, प्रत्येक गायकाची आवड निराळी. त्याची पट्टी, त्याचा गळा, कधी त्याचा स्वभावही बघून ती लावावी लागते. घोडी पूर्वी सांबराच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असे. वन्यजीव कायद्यांनी ते बंद झाले, बरेच झाले. आता उंटाचे हाड किंवा फायबर वापरतात. साहित्य बदलले, पण बाक घासणारा हात तोच राहिला, आणि तंबोरा तंबोराच राहिला.

या बाकाचे रहस्य विज्ञानाने नोंदवले ते १९२१ मध्ये. सी. व्ही. रामन तेव्हा कलकत्त्याला होते, नोबेल मिळायला अजून नऊ वर्षे होती. भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या छोट्याशा निबंधात त्यांनी दाखवले की वीणा आणि तंबोरा पाश्चात्त्य शास्त्रातला एक प्रस्थापित नियम मोडतात. तार ज्या जागी छेडली त्या जागी ज्या उपस्वराची थरथर शून्य असते, तो उपस्वर त्या आवाजात उमटू नये, असा तो नियम. तंबोऱ्यात मात्र तोही उमटतो. कुठेही छेडा, सगळे उपस्वर हजर. कारण रामन यांनी नेमके सांगितले: घोडीचा बाक. मिरजेच्या कारागिराला हे सिद्धांताच्या रूपात ठाऊक असायचे कारण नव्हते, पण त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी तो बाक तोवर किती वेळा घासला असेल याला गणती नाही.

आणि इथे इलेक्ट्रिक गिटार परत येते. १९६७ मध्ये अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीने कोरल इलेक्ट्रिक सितार बाजारात आणली. विनी बेल या वादकाची ती कल्पना. दिसायला आणि वाजवायला सरळसरळ गिटारच, सहा तारा, पिकअप, सगळे तेच. फरक मुख्यतः घोडीचा. तिला रुंद, सपाट घोडी बसवली, तार तिच्यावर घासावी म्हणून. शेजारी तरफांसारख्या तेरा तारा. त्या काळातल्या कितीतरी अमेरिकन गाण्यांत ऐकू येणारी 'सतार' म्हणजे हीच गिटार. खऱ्या सतारीपुढे ती पत्र्याचा डबा वाटते, माझे मत. पण नादाची जात बदलायची झाली तेव्हा त्यांनाही जवारीचीच नक्कल करावी लागली. म्हणून पोराच्या प्रश्नाला माझे अर्धे उत्तर असे: मॉडेलचे नाव विसर, तार कुठे टेकते आणि कुठे ऐकली जाते ते बघ.

उरलेले अर्धे उत्तर हाताचे. मिरजेत त्याची सर्वांत मोठी साक्ष म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब. कैरान्यात १८७२ मध्ये जन्मलेला हा गवई मिरजेत स्थिरावला आणि ख्वाजा शमना मीरांच्या, म्हणजे आपल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याचा झाला. तंबोरा लावण्यात त्यांची ख्याती होती, आणि नुसता लावण्यात नव्हे. वाद्य दुरुस्त करण्याचे काम ते स्वतःच्या हाताने करत. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुती मोजायचे काम हाती घेतले तेव्हा त्यांना ज्या गळ्याचा आधार मिळाला तो खाँसाहेबांचा. सतारमेकरांच्या गल्लीला असा गिऱ्हाईक मिळाला की ज्याच्या कानाला अर्धवट जवारी चालायची नाही. घराणे म्हटले की आपण गुरू आणि शिष्य मोजतो. किराणा घराण्याची ती संथ, सुरात बुडालेली आलापी ज्या झंकारावर उभी आहे तो झंकार घासून देणाऱ्याला त्या वंशावळीत जागा नसते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगापेरुमल कोइल स्टेशनवर खाँसाहेबांचा इंतकाल झाला. शेवट जवळ आल्याचे कळताच त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि अल्लाचे नाव गात गेले, असे सांगतात. मय्यत मिरजेला आणली. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दर उरुसाला तिथे गवई हजेरी लावतात.

आपल्यातलेच काही जण यावर नाक मुरडतात. संगीत जायज की नाजायज, हा वाद फार जुना आहे आणि तो मी इथे उकरत नाही. एवढेच म्हणतो की महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपण एक तर सुलतान आणि सरदार शोधतो, नाही तर दंगली. पिढ्यान्‌पिढ्या एका हाडाच्या तुकड्यावर बाक घासणारी माणसे त्यात बसत नाहीत. पलुसकरांपासून भीमसेन जोशींपर्यंतच्या गायकीला ज्या गावाने तंबोरे पुरवले, त्या गावाच्या कारागिरांवर मराठीत किती पाने निघतील?

आता फाइव्ह स्टारकडे. आमच्याकडे फाउंड्रीतून कास्टिंग येते, मशीनवर चढते, मायक्रॉनमध्ये मोजले जाते. एका ड्रॉइंगवरून दहा हजार नग निघाले तरी पहिला आणि शेवटचा सारखा हवा, नसला तर रिजेक्ट. मला या शिस्तीचा आदर आहे. तिने आमच्या कितीतरी घरांना पोटभर जेवण दिले. आजच्या गिटारींची धडेही अशीच सीएनसीवर कापली जातात, म्हणूनच स्वस्त गिटार आता बरी वाजते. पण जवारीचे ड्रॉइंग नसते. कुणी बाक मोजून मशीनवर घासून घ्यायचा प्रयत्न केला तर घोडी सुबक येईल, नवशिक्याला चालेलही. मात्र हा बाक या दांडीला, या तारेला, या गळ्याला हवा की नको, ते मशीनला विचारता येत नाही. कामगार म्हणून मला हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

सतारमेकरांच्या घरातली मुलेही नोकऱ्यांकडे वळताहेत, आणि त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. पाळीवर हजेरी लागली की महिन्याला पगार, पीएफ, ईएसआय. जवारी शिकायला वर्षे जातात आणि त्या वर्षांचा पगार कुणी देत नाही. त्यात १९७९ नंतर बंगळुरूहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर तो मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फुकट मिळतो. रियाजाला सोयीचा आहे खरा, पण त्यातला झंकारही कधीतरी कुणा कारागिराने घासलेल्या घोडीवरूनच घेतलेला असणार.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे बनलेली वाद्ये मिरजेची म्हणून खपत होती, त्याला आता कायद्याने आळा घालता येईल. चांगलेच झाले. पण नीट बघितले तर जीआय हेही एक मॉडेलचे नावच आहे. खोट्या मालापासून ते नावाला वाचवील. त्या नावामागचा कान पुढच्या पिढीत आहे की नाही, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. शिकाऊ मुलाला दोन-तीन वर्षे विद्यावेतन, आणि वाद्यावर गल्लीच्या नावाबरोबर जवारी लावणाऱ्याचेही नाव, एवढे झाले तरी पुष्कळ. हे दुसरे तर बिनपैशाचे काम आहे.

पोराला मी शेवटी सांगितले की दुकानात जाऊन डोळे मिटून दोन्ही वाजव, जी हाताला सोसते ती घे, उरलेले पैसे अँप्लिफायरवर घाल. मान जाड की बारीक, वजन किती, यानेही हात बदलतो आणि हात बदलला की सूर बदलतो, एवढ्यापुरते मॉडेल खरे. आणि गिटार घेण्याआधी एकदा मिरजेला जाऊन ये. तिथे नवे वाद्य विकत घेणाऱ्यांपेक्षा जुने घेऊन आलेले लोक जास्त दिसतील. रोजच्या रियाजाने तार हाडात हळूहळू खाच पाडते, झंकार बसतो, आवाज कोरडा पडतो. त्यासाठी तंबोरा बदलावा लागत नाही. घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते, आणि ती घासायला कुणीतरी तिथे बसलेले असावे लागते.